नवें झुडूप सुकूं लागतें तेव्हां

आपल्या शाळेच्या फाटकाशीं जी जुनी जास्वंद होती, ती गेल्या उन्हाळ्यांत नाली खोदण्याच्या कामांत गेली, हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. ज्या शिपाईमामांनीं तिला २२ वर्षें पाणी घातलें, ते त्याच एप्रिलअखेर सेवानिवृत्त झाले. तेव्हां इयत्ता आठवीच्या मुलामुलींनीं आपसांत वर्गणी करून तांबड्या जास्वंदीचीं तीन रोपें विकत आणिलीं, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यांत तीं लाविलीं, आणि मामांस निरोप धाडिला कीं, डिसेंबरांतील स्नेहसंमेलनास अवश्य यावें व फुलें पाहावीं. निरोप धाडण्याची घाई झाली, असें आतां वाटतें. ऑगस्ट संपतां संपतां तिहींपैकीं एक रोप वाळून काटकी झालें होतें, दुसऱ्याचीं पानें पिवळीं पडून तें मान टाकूं लागलें होतें, आणि तिसरें, ज्याच्याकडे कोणी फारसें पाहिलेंही नव्हतें, तें मात्र तजेलदार उभें होतें.

रोपें एकाच दिवशीं आणिलेलीं. लावणारे हात तेच, रोपवाटिका तीच. मग तिघांची गति तीन प्रकारची कां व्हावी? या प्रश्नाचा उलगडा करतांना आम्हांस जें शिकावयास मिळालें तें येथें सांगावयाचें आहे. बजाजनगर, रांजणगांव, वाळूजजवळचें पंढरपूर या वसाहतींत राहणाऱ्या कित्येक पालकांनीं नव्या घरापुढें हौसेनें झाड लाविलें आणि दोन महिन्यांत तें उपटून टाकिलें, असें मुलांकडून ऐकतों. त्यांसही याचा कांहीं उपयोग व्हावा.

आरंभीं स्वतःची चूक कबूल करणें बरें. पानें पिवळीं दिसतांच मीं निदान केलें कीं, झाड उपाशी आहे. एका शेतकऱ्याच्या मुलाकडून मूठभर युरिया आणविला आणि दोन्ही आजारी रोपांच्या बुंध्याशीं अर्धी अर्धी मूठ टाकिला. शिवाय पांचवीच्या मुलांस पाळी लावून दिली कीं, रोज सकाळीं त्या दोहोंस एकेक बादली पाणी घालावें. दिवस पावसाळ्याचे होते, ही गोष्ट त्या उत्साहांत ध्यानांत राहिली नाहीं. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या. आठ दिवसांत पहिलें रोप गेलें.

युरियांत शेंकडा ४६ भाग नत्र असतें. म्हणजे तें फार जहाल खत आहे. मुळीच्या आंतील रस बाहेरच्या पाण्याहून नेहमीं कांहींसा दाट असतो, म्हणून पाणी आंत ओढलें जातें. बाहेरचें पाणी खतानें दाट झालें म्हणजे उलट मुळींतलेंच पाणी बाहेर येऊं लागतें. मिठांत घातलेल्या कैरीच्या फोडीस पाणी सुटतें तें याच नियमानें. निरोगी झाड असा आघात एक वेळ सोसील. ज्याच्या मुळ्या आधींच अधू, त्यास मूठभर खत म्हणजे तापकऱ्यास पुरणपोळी. शुभवर्तमानांतील निष्फळ अंजिराचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकिला आहे. त्यांतला माळी धन्यापाशीं एका वर्षाची मुदत मागतो, आणि त्या मुदतींत काय करणार हें सांगतांना खणण्याची गोष्ट प्रथम बोलतो, खताची मागून. मीं तो क्रम उलटा केला होता. किंबहुना खणण्याचें माझ्या मनांतही आलें नव्हतें.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यांत मामा आपल्या निवृत्तिवेतनाच्या कागदांकरितां शाळेंत आले. झाड त्यांस दाखवावें कीं न दाखवावें, अशा संकोचांत आम्ही होतों. पण त्यांची नजर फाटकांतूनच तेथें गेली होती. पानांकडे त्यांनीं फारसें लक्ष दिलें नाहीं. खालीं उकिडवे बसून बोट मातींत दोन पेरें खुपसलें, बोटास लागलेल्या मातीचा वास घेतला, आणि मग बुंध्याला अगदीं लगटून पुन्हां बोट घालून पाहिलें. “सर, भवतीनं समदा चिखल हाय, अन् हुंडी आतून खडखडीत. ह्याच्या पायाला पाणी लागलंय अन् घशाला कोरड पडलीय,” असें म्हणून त्यांनीं कुदळ मागितली.

हुंडी म्हणजे पिशवींतून निघणारा, मुळ्यांसह असलेला मातीचा गोळा. रोप हुंडीसकट बाहेर काढिलें. भोंवतालची काळी माती लोण्यासारखी हातास चिकटत होती व तिला गटारासारखा कुबट वास होता. हुंडी मात्र तांबड्या मातीची, विटेसारखी कठीण. ती हलकेच फोडली तों मध्यें केवळ धूळ. मुळ्या पिशवीच्या आकाराप्रमाणें गोल गोल फिरून एकमेकींत गुंतल्या होत्या, आणि दोन महिन्यांत त्यांपैकीं एकही काळ्या मातींत शिरली नव्हती. तळाच्या मुळ्या तपकिरी होऊन त्यांची साल बोटांत सुटून येत होती. झाड आमच्या अंगणांत उभें होतें खरें, पण राहत होतें अजून रोपवाटिकेच्या पिशवींतच.

हें कसें घडलें तें समजण्यास आपल्या पायाखालच्या मातीची ओळख पाहिजे. वाळूज व भोंवतालचा सारा प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं येथें लाव्ह्याचे थरावर थर पसरून थिजले, आणि त्यांच्या झिजेपासून आपली काळी माती झाली. तिचे कण अतिशय बारीक. पाणी मिळालें कीं ते फुगतात, वाळले कीं आकसतात. म्हणून उन्हाळ्यांत शेतांस भेगा पडतात आणि पावसाळ्यांत त्याच जागीं चप्पल रुतून बसते. पाणी धरून ठेवण्याचा हा गुण शेतकऱ्यास वरदान आहे. आपल्या जिल्ह्यांत वर्षाकाठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. पुढें रब्बीची ज्वारी याच मातींतील ओलीवर उभी राहते. पण जें ज्वारीस मानवतें तें नव्या जास्वंदीस मानवेलच असें नाहीं.

मुळ्या श्वास घेतात, ही गोष्ट आपण विसरतों. मातीच्या कणांमध्यें ज्या पोकळ्या असतात त्यांत हवा खेळते आणि तींतला प्राणवायु मुळ्यांस मिळतो. त्या पोकळ्या पाण्यानें भरल्या म्हणजे हा मार्ग जवळजवळ बंद होतो. कारण पाण्यांतून प्राणवायु हवेपेक्षां सुमारें दहा हजार पट हळू पसरतो. मग मुळ्या गुदमरतात व कुजतात, आणि कुजलेल्या मुळ्या पाणी ओढूं शकत नाहींत. म्हणून पाण्यांत उभें असलेलें झाड तहानेल्या झाडाप्रमाणेंच मान टाकतें. पाहणाऱ्यास दया येते, तो आणखी एक तांब्या ओततो. नव्या झाडांपैकीं जितकीं तहानेनें मरतात त्याहून अधिक या दयेनें मरत असावींत, असें माझें मत झालें आहे.

आमचा खड्डाही निर्दोष नव्हता. ओल्या काळ्या मातींत फावड्यानें खड्डा खणला म्हणजे त्याच्या बाजू घोटल्यासारख्या गुळगुळीत होतात. कुंभारानें आंतून हात फिरविलेला रांजणच तो! त्यांतून पाणी पाझरत नाहीं आणि मुळीचें कोंवळें टोंकही शिरत नाहीं. वरून घातलेलें पाणी हुंडीच्या कठीण मातींत न मुरतां तिच्या कडेनें खालीं घसरत होतें व तळाशीं साचत होतें. एकाच हातभर खड्ड्यांत मध्यें दुष्काळ आणि भोंवतीं पूर, अशी स्थिति झाली होती.

हुंडीच्या मातीविषयीं दोन शब्द. आंध्र प्रदेशांत राजमहेंद्रीजवळ कडियम म्हणून गांव आहे. तेथें व आसपास मोठ्या संख्येनें रोपवाटिका असून त्यांचीं रोपें देशभर जातात. गंमत अशी कीं, हा भाग आपल्याच गोदावरीच्या खालच्या अंगास आहे. ज्या नदीचें पाणी पैठणच्या नाथसागरांतून आपल्या नळास येतें, तिच्याच शेवटच्या टप्प्यांतून महाराष्ट्राच्या बाजारांत कित्येक रोपें येत असतात. रोपवाल्याची अडचणही समजण्याजोगी आहे. ट्रकांतून शेंकडों कोसांचा प्रवास करावयाचा तर हुंडी फुटतां कामा नये. म्हणून पिशवींत पुष्कळदां चिकट माती दाबून भरलेली असते. रोप आपल्या दारापर्यंत जिवंत पोंचविणें हें त्याचें काम, आणि तें तो करतो. हुंडी मोकळी करणें हें काम आपलें, आणि तें आम्हीं केलें नव्हतें.

येथें आठवींतील एका मुलीनें मोठा मार्मिक प्रश्न विचारला. जास्वंद आणि कापूस हीं एकाच कुळांतलीं. भेंडी व अंबाडीही त्यांच्याच नात्यांतलीं. पांच पाकळ्यांची ठेवण आणि मध्यें पुंकेसरांची नळी पाहिली तर हें नातें सहज ओळखूं येतें. मग काळी माती ही कापसाची माती म्हणून प्रसिद्ध असतां, तींत कापसाची बहीण कां गुदमरावी? याचें उत्तर मूळ कसें वाढतें यांत आहे. कापसाचें बी शेतांतच टोकतात. तें जेथें रुजतें तेथेंच त्याचें सोटमूळ पहिल्या दिवसापासून त्या मातींत वाट काढीत खोल जातें. जास्वंद बहुधा फांदीचा तुकडा खोंचून करतात. तिला सोटमूळ नसतें. काडीच्या खालच्या टोंकास फुटलेल्या बारीक मुळ्यांचा झुबका तेवढा असतो, आणि तो पिशवींतल्या मातींत वाढलेला असल्यानें तिच्याबाहेरची घट्ट, चिकट माती त्यास परकी असते. शिवाय सखल रानांत पाणी तुंबलें तर कापूसही लाल पडतो व पात्या गाळतो, असें त्या मुलीच्या वडिलांनीं नंतर सांगितलें. म्हणजे बहीण कांहीं जगावेगळी वागत नव्हती.

तिसऱ्या रोपाचें कोडें यावरून आपोआप सुटलें. तें पायरीच्या कडेस लाविलें होतें, जेथें बांधकामाच्या वेळीं मुरूम पसरलेला होता. मुरमांतून पाणी झरझर निघून जातें. त्या कोपऱ्यासाठीं पाण्याची पाळी लावावयाची राहिली होती, आणि माझा युरियाही तेथवर पोंचला नव्हता.

आतां उपचार. एक सावधगिरीची सूचना आधीं दिली पाहिजे. जें झाड लावून वर्ष दोन वर्षें झालीं, ज्याच्या मुळ्या दूरवर गेल्या, तें असें उपटूं नये. त्याच्या भोंवतालचें पाणी चर खोदून काढून द्यावें. आमच्या रोपाच्या मुळ्या हुंडीबाहेर गेल्याच नव्हत्या, म्हणून दुसऱ्यांदा काढणें त्यास फारसें जाचलें नाहीं.

मामांनीं ढगाळ दिवसाची संध्याकाळ निवडली. हुंडी प्रथम पाण्याच्या बादलींत बुडविली आणि तींतून बुडबुडे यावयाचे थांबेपर्यंत, म्हणजे सुमारें वीस मिनिटें, तशीच ठेविली. इतकी कोरडी झालेली माती वरून पाणी ओतून भिजत नाहीं. मग बोटांनीं व बांबूच्या काडीनें कडेची माती सैल केली, फिरलेल्या मुळ्या सोडवून बाहेरच्या दिशेस वळविल्या, ज्या सुटेनात त्या दोन ठिकाणीं चाकूनें छेदल्या, आणि कुजलेल्या कापून टाकिल्या. मुलांस हें पाहवेना. पण गोल फिरणारी मुळी पुढें जाड झाली म्हणजे खोडासच तिचा फास बसतो. तो कोंवळा असतांनाच सोडविणें बरें.

जुना खड्डा अधिक खोल न करतां रुंद केला आणि त्याच्या गुळगुळीत बाजू कुदळीच्या टोंकानें खरवडून ओबडधोबड केल्या. तळाशीं खडीचा थर घालावा, अशी माझी सूचना होती. मामा नुसते हंसले. घरीं जाऊन मीं पुस्तकें चाळलीं तेव्हां त्यांचें हंसणें योग्य होतें असें आढळलें. बारीक मातींतलें पाणी खालच्या खडींत सहजासहजीं उतरत नाहीं. वरची माती तुडुंब भरल्यावरच तें खालीं गळूं लागतें. त्यामुळें खडीचा थर निचरा करण्याऐवजीं साचलेली ओल मुळ्यांच्या आणखी जवळ आणतो. कुंडींत खापऱ्या घालणाऱ्या पालकांनींही याचा विचार करावा. भोंकावर एक खापरी माती अडविण्यास ठीक आहे, पण थर नको. पाणी जावयाचें तर त्यास उतार पाहिजे. म्हणून रोप जमिनीहून वीतभर उंच, पसरट वरंब्यावर बसविलें. त्यासाठीं तीच काळी माती दोन भाग, मुरूम एक भाग आणि पूर्ण कुजलेलें शेणखत एक भाग असें मिश्रण केलें. खोड पूर्वीं जेवढें मातींत होतें तेवढेंच राहूं दिलें; आधारासाठीं म्हणून तें अधिक पुरलें तर साल कुजते. पश्चिमेच्या अंगास चार काठ्या रोवून गोणपाटाचा आडोसा केला, कारण मुळ्या थोड्या असतां दुपारच्या उन्हांत पानांतून जाणारें पाणी भरून निघत नाहीं. मग वरंब्यावर सोयाबीनचें भुसकट तीन बोटें जाड पसरलें, बुंध्याभोंवतीं मात्र चार बोटें जागा मोकळी ठेविली.

पाण्याची रोजची पाळी बंद झाली. तिच्याऐवजीं बोटाची पाळी लागली: बोट दोन पेरें मातींत घालावें, आणि तेथें कोरडें लागेल तरच पाणी द्यावें. तें दोन जागीं पाहावें, बुंध्याजवळ हुंडींत व बाहेर वीतभर अंतरावर, कारण या दोन मातींची ओल सारखी असेलच असें नाहीं हें आम्ही शिकलों होतों. द्यावयाचें तेव्हां सुमारें चार लिटर, पण सावकाश. याकरितां मामांनीं तेलाच्या रिकाम्या डब्यास खिळ्यानें बारीक भोंक पाडून दिलें. तो डबा बुंध्याशीं ठेविला कीं अर्ध्या तासांत रिकामा होतो आणि थेंबही बाहेर वाहून जात नाहीं.

छाटणीविषयीं थोडा मतभेद झाला. मुळ्या जितक्या कमी झाल्या तितका वरचा भारही कमी करावा, असें जुने लोक सांगत आले आहेत, आणि माझा आग्रह तोच होता. परंतु पानें हें झाडाचें स्वयंपाकघर आहे. नव्या मुळ्या फुटण्यास लागणारें अन्न तेथेंच तयार होतें; तेंच बंद केलें तर मुळ्यांनीं कशावर वाढावें? हल्लींचे जाणते म्हणूनच वाळलेला भागच कापण्यास सांगतात. तो ओळखण्याची रीत सोपी आहे: नखानें साल किंचित खरवडावी, खालीं हिरवें दिसलें तर फांदी जिवंत, तपकिरी व कोरडें दिसलें तर मेलेली. आम्हीं तेवढींच टोंकें काढिलीं. कळ्या मात्र साऱ्या खुडल्या. ज्यांनीं वर्गणी दिली होती त्यांचे चेहरे तेव्हां पाहण्यासारखे झाले. पण फुलावर खर्च होणारी शक्ति त्या वेळीं मुळ्यांस हवी होती.

तीन आठवडे कांहींच घडलें नाहीं. उरलेलीं जुनीं पानें एकेक करून गळलीं, आणि प्रत्येक पानागणिक कोणी ना कोणी खत घालण्याविषयीं सुचवीत होतें. ऑक्टोबरच्या आरंभीं टोंकांस बारीक कोंब दिसले. आम्हांस हर्ष झाला. पण नवीं पानें उलगडलीं तीं फिक्कट पिवळीं, आणि त्यांत शिरांची हिरवी जाळी स्पष्ट दिसणारी. हा रोग वेगळा होता, आणि तो पहिल्याहून अधिक या भूमीचा आहे.

पिवळें पान पाहिलें म्हणजे प्रथम विचारावें, कीं पिवळें जुनें पान आहे कीं नवें? नत्र कमी पडलें तर झाड तें जुन्या पानांतून काढून नव्यास पुरवितें. म्हणून खालचीं जुनीं पानें आधीं सबंध पिवळीं पडतात. लोहाचें तसें नाहीं. एकदां ज्या पानांत गेलें तेथून तें सहसा हलत नाहीं. म्हणून लोह कमी पडलें तर शेंड्याचीं नवीं पानें पिवळीं होतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाणी तुंबल्याचें पिवळेंपण आणखी निराळें. त्यांत पानें मरगळलेलीं असतात व माती ओली असते.

आपल्या मातींत लोह नाहीं असें नव्हे. काळा पाषाण लोहानें भरलेला आहे. पण या मातींत चुनखडी पुष्कळ असते आणि तिच्यामुळें माती क्षारधर्मी बनते. अशा मातींत लोह अविद्राव्य होऊन बसतें. म्हणजे कोठार भरलेलें, पण कुलूप लागलेलें. विद्यार्थ्यांनीं घरीं एक प्रयोग करून पाहावा. अंगणांतली कोरडी माती चमचाभर घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाकावें व कान जवळ न्यावा. बारीक सळसळ ऐकूं आली, फेस दिसला, तर मातींत चुनखडी आहे असें समजावें. आमच्या फाटकाजवळच्या मातीनें इतका फेस काढिला कीं सातवीचीं मुलें टाळ्या वाजवूं लागलीं.

तेथें चुनखडी इतकी कां, याचेंही कारण सांपडलें. १९८० नंतर येथें औद्योगिक वसाहत वाढली, शेतांच्या जागीं घरें व इमारती झाल्या, आणि अंगणें पुष्कळ ठिकाणीं बांधकामाच्या राडारोड्यानें भरलीं गेलीं. त्यांतील सिमेंट व गिलाव्याचे तुकडे मातीचा क्षारधर्म वाढवितात. आमच्या खड्ड्याच्या कडेस असे तुकडे टोपलीभर निघाले. अशा जागीं पालक मंडळी कॅल्शियमसाठीं म्हणून अंड्याचीं टरफलें पुरतात; जेथें कुदळीस चुन्याचे खडे लागतात तेथें तीं पुरणें म्हणजे भरल्या विहिरींत घागर ओतणें होय. दुसरी गोष्ट पाणी शुद्ध करण्याच्या घरगुती यंत्राची. त्याच्या नळींतून वायां जाणारें पाणी जपून झाडांस घालणारीं कुटुंबें मला ठाऊक आहेत. पाणी वांचविण्याची त्यांची वृत्ति स्तुत्य आहे. परंतु त्या पाण्यांत मूळ पाण्यांतले क्षार एकवटलेले असतात. बोअरचें पाणी असेल तर तें आणखी खारट होतें. तें फरशी धुण्यास वापरावें, कुंडींतल्या अधू झाडास नको. पावसाचें पाणी पिंपांत धरून ठेवतां आलें तर त्यासारखें दुसरें औषध नाहीं.

लोहाचें कुलूप काढण्यास आम्हीं हिराकस वापरलें. एक लिटर पाण्यांत ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्व ताजें विरघळवून, ऊन उतरल्यावर पानांवर तुषार मारले. तत्पूर्वीं दोनच पानांवर मारून दोन दिवस वाट पाहिली, कारण कोंवळें पान करपण्याची भीति असते, आणि युरियाच्या प्रसंगानंतर मी भित्रा झालों होतों. दहा दिवसांत जेथें जेथें थेंब पडला होता तेथें तेथें पिवळ्या पानावर हिरवे ठिपके उमटले. मुलांस याचें फार नवल वाटलें. दहा दिवसांच्या अंतरानें दुसऱ्यांदा फवारा दिला. हा तात्पुरता उपाय आहे, हें लक्षांत ठेवावें. कायमचा म्हणजे राडारोडा वेंचून काढणें, दर पावसाळ्याआधीं कुजलेलें खत घालणें, आणि मुळ्यांस हवा मिळूं देणें, कारण लोह घेण्याचें काम निरोगी मुळीच करते. बाजारांत क्षारधर्मी मातींतही टिकणारें ईडीडीएचए जातीचें लोह मिळतें, तें महाग पण गुणकारी आहे. शेतकरी पालक तर माती परीक्षण करून घेतच असतील. २०१५ सालीं सुरू झालेली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना त्यांच्या परिचयाची आहे. तिच्यांत मातीचा सामू व लोह या दोहोंचे आंकडे असतात, ते मुलांकडून वाचून घ्यावेत.

किडीचा उपद्रव थोडक्यांत सांगतों. जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढऱ्या कापसासारखे पिठ्या ढेकूण बसतात, आणि आजारी झाडावर ते लवकर जम बसवितात. मुंग्या खोडावर ये-जा करूं लागल्या कीं समजावें ते आले. पाण्याच्या धारेनें धुवावे, उरलेल्यांवर लिटरभर पाण्यांत ५ मिलिलिटर कडुनिंबाचें तेल व थोडा मऊ साबण मिसळून मारावें. आम्हांस एवढें पुरलें.

डिसेंबरांत स्नेहसंमेलनास मामा आले. फूल एकही नव्हतें. मुलें ओशाळलीं, आणि एकीनें तर पायरीजवळच्या झाडाचें फूल तोडून त्यांच्या हातीं दिलें. मामांनीं तें खिशाला लाविलें, मग फाटकाशीं जाऊन भुसकट बाजूस सारलें व वरंब्याच्या कडेला माती हलकेच उकरली. काळ्या मातींत चार बोटें आंत दोऱ्यासारखी पांढरी मुळी दिसत होती. “फुलाचं काय एवढं, हे बघा,” असें म्हणून त्यांनीं सगळ्या मुलांस वांकून ती पाहावयास लाविली, आणि लगेच माती सारखी केली.

थंडींत झाड स्तब्ध राहिलें, तें ऋतुमानाप्रमाणेंच. फेब्रुवारींत तीन नव्या फांद्या सुटल्या असून पानें काळसर हिरवीं आहेत. आडोसा अजून काढलेला नाहीं, कारण पुढें एप्रिल-मे आहे आणि येथील ऊन ४० अंशांपलीकडे जातें. तो जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर काढावयाचा आहे. सुट्टींत पाण्याची व्यवस्था ठेवणें अवश्य आहे. शाळेजवळ राहणाऱ्या नऊ मुलांचीं नांवें कार्यालयाबाहेरील फळ्यावर लाविलीं आहेत. ज्याची पाळी असेल त्यानें सूर्य वर येण्यापूर्वीं यावें, दोन्ही जागीं बोट घालून पाहावें, आणि डबा भरण्याचें कारण नसेल तर तसेंच घरीं परत जावें.